बोट नाही, कड्यावरून

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण हरमॅनसचे व्हेलचे, म्हणजे देवमाशांचे, फोटो पाठवले की दोन प्रश्न ठरलेले असतात, लेन्स कुठली आणि बोट कितीला पडली. बोट नाहीच. सगळे फोटो जमिनीवर उभं राहून काढलेत, कड्यावरच्या पायवाटेवरून, आणि त्यातले मला सगळ्यात आवडणारे तीन तर साध्या ७०-२०० मिलीमीटरच्या झूम लेन्सवर आहेत.

हरमॅनस हे केपटाऊनपासून साधारण १२० किलोमीटरवरचं गाव, वॉकर बेच्या काठावर. मी नोकरीसाठी केपटाऊनला असते म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात जमेल त्या शनिवारी पहाटे गाडी काढते. सदर्न राइट व्हेल जून ते नोव्हेंबर इथे असतात, दक्षिणेच्या थंड समुद्रातून पिल्लं घालायला येतात आणि पिल्लू प्रवासाला तयार होईपर्यंत माद्या काठ सोडत नाहीत, त्यात गावाचा कडा सरळ पाण्यात उतरतो, त्यामुळे कधी कधी पंधरा मीटरचं जनावर अक्षरशः पायाखाली येऊन थांबतं. अशा वेळी लांबचं जवळ आणणारी ६०० ची लेन्स लावून बसलेल्यांना नुसतं काळं कातडं दिसतं.

बोटीबद्दल माझं मत पक्कं आहे. परवान्याच्या बोटी ५० मीटरपर्यंत जाऊ शकतात, बाकी कुणाला ३०० मीटरच्या आत जायला बंदी आहे आणि ती बरोबरच आहे, पिल्लू नुकतं पोहायला शिकतंय, आई महिनोन्महिने जवळपास काही न खाता त्याला दूध पाजतेय, तिला इंजिनापासून लांब सरकायला लावणं मला नको वाटतं. काठावर ती तिच्या मर्जीने येते आणि मनात असेल तेवढं थांबते. शिवाय कड्यावरून खाली बघता येतं! बोटीतून पाठ आणि फवारा दिसतो, वरून पोलरायझर, म्हणजे पाण्यावरची चमक कापणारा फिल्टर, लावून बघा, पाण्यातलं सगळं अंग दिसतं, बाजूला चिकटलेलं पिल्लू, आईच्या डोक्यावरचे ते खरखरीत चट्टे. ते चट्टे प्रत्येकीचे वेगळे असतात, त्यांच्यावरच्या बारीक उवांमुळे पांढरट दिसतात, आणि त्यांच्यावरूनच इथले संशोधक १९७९ पासून हेलिकॉप्टरमधून फोटो काढून एकेक मादी ओळखत आलेत. त्यातूनच कळलं की पूर्वी तीन वर्षांनी पिल्लू देणाऱ्या माद्या आता चार-पाच वर्षं घेतायत, दक्षिणेच्या थंड समुद्रात त्यांना खाणं कमी पडतंय. हे कळल्यापासून पिल्लू दिसलं की मी आधी कॅमेरा खाली ठेवते.

उजेडाचं एक सांगते. आपल्या कोकणात समुद्र पश्चिमेला, दुपारनंतर सूर्य डोळ्यात. इथे गाव दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि आपण दक्षिण गोलार्धात, म्हणजे दुपारचा सूर्य उत्तरेला, तुमच्या पाठीमागे. पहिल्या वर्षी मी सवयीने फक्त सकाळीच जायचे आणि दुपारी परत फिरायचे, किती फोटो घालवले देव जाणे.

उडीचा फोटो हवा असेल तर आवाजावर जाऊ नका. व्हेल सातशे मीटरवर आपटली तर आवाज यायला दोन सेकंद लागतात, तोवर फक्त फेस उरतो. पण एक उडी झाली की बऱ्याचदा मागोमाग अजून होतात, म्हणून पहिली सोडून द्यायची, कॅमेरा त्या दिशेला धरून, शटर १/२००० सेकंदावर, फोकस तिथेच लावून उभं राहायचं, हात दुखले तरी. फवारा इंग्रजी व्ही सारखा दोन फाट्यांचा असतो, तो दिसला की ती आलीच समजा. आणि वारा नसलेल्या संध्याकाळी श्वास ऐकू येतो, कुणीतरी मोठा सुस्कारा टाकावा तसा, त्याचा फोटो निघत नाही.

आता ७०-२०० का, ते. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं, आठवत असेल. लोकांनी, वनखात्याने रात्रंदिवस धडपड केली, अंगावर पाणी मारत राहिले, ते वाचलं नाही. आमचं घर तिथून लांब नाही. बाबा दोन्ही दिवस तिथे उभे होते आणि फोनवर धड बोलत नव्हते. आमच्याकडे देवमासा म्हटलं की असाच, वाळूवर पडलेला, २०१५ ला रेवदंड्याला आलेला तोही तसाच. बाबांचं वय सत्तरच्या पुढे, आयुष्य समुद्राकाठी गेलं आणि पाण्यात मोकळा पोहणारा देवमासा त्यांनी कधी पाहिलेला नाही.

मी त्यांना तोवर पाठवायचे ते सगळे जवळचे फोटो, नुसती शेपटी, नुसतं डोकं, मागे निळं पाणी. ते बघायचे आणि छान म्हणायचे. मग एकदा हरमॅनसमधल्याच क्वाइवॉटरच्या खडकांवरून एक रुंद फोटो पाठवला, खाली मादी आणि पिल्लू, डावीकडे बाकावर डबा उघडून बसलेलं एक कुटुंब, एक छोटी मुलगी बोट दाखवतेय. पाच मिनिटांत फोन.

"ही माणसं किनाऱ्यावर बसलीत?"

"हो."

"आणि मासा जिवंत?"

"हो बाबा. दोघंही. नंतर तासभर तिथेच होते."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले असेच पाठव, माणसं दिसू देत. म्हणून ७०-२००. खडक, बाक, कुणाची तरी टोपी फ्रेममध्ये येते ती मी कापत नाही.