सात मिनिटं कुणी बोलायचं नाही

आमच्याकडे एक घोंगडं चार महिने भिजत पडलं होतं. आम्ही छोट्या व्यावसायिकांना हिशेबाचं सॉफ्टवेअर देतो. विक्री बरी चालली होती, पण नवा ग्राहक प्रत्यक्ष काम सुरू करायच्या आतच गार पडायचा. त्याची जुनी माहिती आमच्याकडे चढवायला तीन-तीन आठवडे जायचे, तोवर त्याचा उत्साह मावळलेला. यावर दर सोमवारी मिटिंग. विक्रीवाले म्हणायचे, सेटअपची टीम ढिली आहे. सेटअपवाले म्हणायचे, विक्रीवाले वाट्टेल ती आश्वासनं देऊन येतात. सपोर्टवाले दोघांवर खापर फोडायचे. तासभर गुऱ्हाळ चालायचं आणि ‘पुढच्या सोमवारी बघू’ म्हणून सगळे उठायचे.

मी ऑपरेशन्स बघते, त्यामुळे हे घोंगडं शेवटी माझ्याच गळ्यात आलं. कुणीतरी वर्कशॉप घ्यायचं सुचवलं. मला या प्रकाराची खरं तर चीड होती. रंगीत चिठ्ठ्या, टाळ्या, ग्रुप फोटो आणि दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. तरी वाचायला घेतलं. गूगलमध्ये असताना जेक नॅप यांनी २०१० च्या सुमारास आकाराला आणलेली ‘डिझाईन स्प्रिंट’ सगळीकडे दिसत होती. सोमवारी प्रश्न समजून घ्यायचा, मंगळवारी उपाय कागदावर काढायचे, बुधवारी निवडायचे, गुरुवारी दिखाऊ नमुना बनवायचा आणि शुक्रवारी तो पाच ग्राहकांपुढे ठेवायचा. पाच दिवस माणसं कामावरून उचलणं आम्हाला परवडणारं नव्हतं, म्हणून मी त्याचं एका सकाळीत बसेल असं रूप केलं. ग्राहकांची चाचणी तेवढी वेगळ्या दिवशी ठेवली.

पहिला प्रयत्न साफ फसला, आणि तो मीच फसवला. कुणी दुखावायला नको म्हणून चौदा जणांना बोलावलं. वर सुरुवातीला सरांना ‘दोन शब्द’ बोलायची विनंती केली. दोन शब्दांना वीस मिनिटं लागली आणि त्या ओघात ते म्हणून गेले की मूळ अडचण किमतीची असावी. संपलं. पुढचे तीन तास जो तो किमतीची री ओढत होता. भिंतीवरच्या निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या सवलतीच्या योजनांच्या.

हे का होतं, ते लोकांनी फार पूर्वी तपासून ठेवलंय. येल विद्यापीठातला १९५८ सालचा एक प्रयोग आहे. त्यात चौघांनी एकत्र बसून काढलेल्या कल्पनांपेक्षा, वेगवेगळं बसलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज जास्त भरली. पुढे १९७१ मध्ये आंद्रे डेल्बेक आणि अँड्र्यू व्हॅन डी व्हेन यांनी गटाने निर्णय घेण्याची एक पद्धत मांडली. आधी प्रत्येकाने गप्प बसून लिहायचं, मग एकेकाने वाचून दाखवायचं, चर्चा फक्त मुद्दा उलगडण्यापुरती, आणि शेवटी प्रत्येकाने आपलं मत स्वतंत्रपणे द्यायचं. स्प्रिंटमध्येही माणसं एकाच खोलीत, पण बराच वेळ आपापल्या कागदात डोकं घालून असतात. मी चिठ्ठ्या आणि मार्कर बरोबर आणले होते, नेमकं हे तेवढं विसरले होते.

दुसऱ्या वेळी सातच जण. आदल्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, “सर, उद्या तुम्ही सगळ्यात शेवटी बोलायचं.”

“म्हणजे मी काय शोभेला बसू?”

“निर्णय तुमचाच. फक्त सगळ्यांची मतं पडल्यावर.”

कुरकुरत का होईना, तयार झाले.

सकाळी टायमर सात मिनिटांवर लावला. आपल्या कामात अडथळा काय येतो, ते एका चिठ्ठीवर एक, असं लिहायचं. बोलायचं नाही, नाव घालायचं नाही. पहिली दोन मिनिटं जीवघेणी गेली. कुणी पेनाचं टोपण उघड-बंद करतंय, कुणी माझ्याकडे बघून हसतंय. तिसऱ्या मिनिटाला खोलीत फक्त पेनांची कुरकुर उरली. (गठ्ठ्यातून चिठ्ठी खालून वर ओढू नका. ती वळते आणि थोड्या वेळात भिंतीवरून गळून पडते. कडेकडून आडवी सोला.)

मग मत द्यायला प्रत्येकाला तीन चिकट ठिपके दिले आणि पटलेल्या चिठ्ठ्यांवर गुपचूप चिकटवायला सांगितले. सर्वांत जास्त ठिपके पडलेली चिठ्ठी अशी होती: ‘फाईल कुठल्या नमुन्यात हवी ते आपण ग्राहकाला सांगतच नाही. तो चुकीची पाठवतो, आपण परत पाठवतो.’ अक्षरावरून ओळखलं, सपोर्टमधल्या त्या मुलीची. चार महिन्यांच्या मिटिंगांमध्ये मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

सेटअपवाला लगेच म्हणाला, “सांगतो ना आपण! फॉर्ममध्ये लिहिलंय.”

फॉर्म स्क्रीनवर उघडला. चौतीस रकाने. नमुन्याची सूचना एकतिसाव्या रकान्याखाली, बारीक करड्या अक्षरात. कुणीच काही बोललं नाही, आणि या वेळी टायमर लावलेला नव्हता.

त्यानंतरचं भराभर झालं. अडचणीचा ‘असं कसं करता येईल?’ असा प्रश्न केला, परत गप्प बसून उपाय लिहिले, परत ठिपके. बहुमत पडलं फॉर्म छोटा करून सोबत व्हिडिओ देण्याला. मीही त्यालाच ठिपका दिला होता. सर उठले आणि त्यांचा मोठा ठिपका एकच मत पडलेल्या चिठ्ठीवर लावला: ‘पहिल्याच दिवशी फोन करून ग्राहकाबरोबर फाईल भरायची.’ मनात म्हटलं, झालं, शेवटी यांचंच खरं! मतदान घेतलं कशाला मग?

पण ठरल्याप्रमाणे दोन्ही गोष्टी तपासायच्या होत्या. प्रेझेंटेशनच्या स्लाइडवर छोटा फॉर्म रंगवला, व्हिडिओच्या जागी नुसता चौकोन काढला आणि पाच ग्राहकांना एकेक करून दाखवला. पाचच का? वेबसाइट किंवा अॅप वापरायला किती सोपं आहे, हे तपासण्यावर आयुष्य घालवलेले जेकब निल्सन सांगतात की तेवढ्यांतच बहुतेक मोठ्या अडचणी वर येतात, पुढे त्याच त्याच दिसत राहतात. आमच्याकडे तर तिसऱ्यालाच कळलं. चौघांनी सूचनेकडे ढुंकूनही पाहिलं नाही, व्हिडिओच्या चौकोनाला कुणीच हात लावला नाही. एक जण सरळ म्हणाला, “अहो, पहिल्यांदा तुम्हीच एकदा भरून दाखवा ना.” सर कोपऱ्यात बसून ऐकत होते. माझ्याकडे बघितलं नाही, एवढा मोठेपणा दाखवला.

आता विक्री झाली की दुसऱ्या दिवशी सपोर्टमधून फोन जातो, आणि त्या फोनमध्ये काय विचारायचं ते त्याच मुलीने लिहून दिलंय. बहुतेक ग्राहक आठवड्याभरात कामाला लागतात. विक्री आणि सेटअपची भांडणं मात्र आहेत तशीच आहेत, फक्त विषय बदललाय.

त्या सकाळी फळ्यावर दोन कामं लिहिली होती, प्रत्येकापुढे एक नाव आणि एक तारीख. फोनचं काम तारखेच्या आधी झालं. फॉर्म कमी करायच्या कामापुढे माझं नाव होतं. अजून सव्वीस रकाने शिल्लक आहेत.