ते शेवटचे अडीचशे मीटर

मागच्या हाफ मॅरेथॉनला दोन तासांच्या आत यायचंच असं ठरवून चार महिने तयारी केली होती. हिशोब सरळ होता, अंतर २१.०९७५ किमी, फुल मॅरेथॉनच्या ४२.१९५ च्या बरोब्बर निम्मं, किलोमीटरला ५:४१ चा पेस (म्हणजे ५ मिनिटं ४१ सेकंद) धरला की १:५९:५४. पेस शेवटपर्यंत सोडला नाही, सोळाव्या किलोमीटरनंतर मांड्या दगडासारख्या झाल्या तरी नाही. वॉचमध्ये २१.१ पडले तेव्हा १:५९:५० झाले होते आणि फिनिशची कमान अजून तिकडे लांब! जीव तोडून पळाले तरी २:०१:०८. बाजूला जाऊन रडले अक्षरशः.

आधी वाटलं कोर्सच चुकीचा मोजलाय. खूप चिडले होते. मग कोर्स मोजतात कसा ते वाचत बसले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सायकलच्या पुढच्या चाकाला काउंटर लावतात, आधी माहितीच्या अंतरावर तो तपासून घेतात आणि मग रस्त्यावरून शक्य तितकी जवळची लाइन धरून सायकल चालवतात, वळणावर कडेपासून फक्त ३० सेंमी. वर किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात, कोर्स चुकूनही कमी भरू नये म्हणून, म्हणजे हाफला साधारण २१ मीटर तिथेच गेले. आणि आपण काय करतो, गर्दीत वळण बाहेरून घेतो, पुढच्याला ओलांडायला डावी-उजवी करतो, पाण्यासाठी रस्त्याच्या त्या टोकाला जातो. त्यात उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं ते वेगळंच. दरवेळी दोन-चार मीटर, पण एकवीस किलोमीटरात त्याचे अडीचशे होतात.

म्हणून यावेळी अंतर २१.३ धरलं आणि पेस ५:३५ ठरवला, ऑटो लॅप (वॉच स्वतःच्या मोजणीने दर किलोमीटरला बीप देऊन वेळ नोंदवतं ते) बंद, रस्त्यावरच्या प्रत्येक किलोमीटरच्या पाटीला बटण स्वतः दाबायचं. (हे खरंच करून बघा, वॉचच्या बीपवर विसंबून राहिलं की दहाव्या पाटीपर्यंत चांगलं शंभर मीटरचं अंतर पडलेलं असतं.) सुरुवातीच्या गर्दीत कोणाला ओलांडायला गेले नाही, पहिले दोन किलोमीटर हळू गेले तर जाऊ दिले, आणि पुढचं वळण दिसलं की लांबूनच त्याच्या आतल्या कडेकडे सरकत जायचं. एवढं करूनही वॉच शेवटी २१.२४ दाखवत होतं, आणि पेसही ५:३५ नाही, ५:३७ पडला.

२१ ची पाटी आली तेव्हा १:५८:५० झाले होते. पुढे ९७ मीटर आणि थोडं, आणि यावेळी ते किती आहेत हे मला पक्कं माहीत होतं. १:५९:२२!