घंगाळावरचं नाव

परवा दुपारी माळ्यावरची अडगळ काढताना आजीचं पितळी घंगाळ खाली आलं. चिंच-मीठ लावून घासायला बसले, शेजारी भाची मोबाईल घेऊन. काठाखाली ठोक्यांची अक्षरं होती, निम्मी झिजलेली. ती वाकून वाचते, "आत्या, 'मन' लिहिलंय! अंघोळीच्या भांड्यावर मन, कसलं डीप आहे ना!" आणि लगेच फोटो. मी गप्प बसले. ते 'वामन' आहे. माझे आजोबा. 'वा' राखेने आणि नारळाच्या शेंडीने कधीच खाऊन टाकलाय.

गंमत म्हणजे त्याच दिवशी सकाळी फॅमिली ग्रुपवर काकांचा सुविचार आला होता, उगवता सूर्य, कमळ, पांढऱ्या दाढीचा कोणीतरी म्हातारा आणि खाली "आज नवा हो, रोज नवा हो, पुन्हा नवा हो – प्राचीन चिनी सम्राट". मला अशा खाली लिहिलेल्या नावांचा भारी संशय येतो, कारण तो धंदा मी स्वतः केलाय. सातवीत अक्षर बरं म्हणून फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडे होतं. एकदा काहीच सुचेना, प्रार्थनेची घंटा व्हायला आली, तेव्हा आई नेहमी म्हणायची तेच गुलाबी खडूने लिहून टाकलं, "डोक्यावर दोन तांबे पाणी ओतलं की निम्मा राग उतरतो." खाली नाव कोणाचं? विवेकानंद लिहिलं तर सर पुस्तक विचारतील. म्हणून लिहिलं, "एक चिनी सम्राट". चीनबद्दल कोण विचारणार! सरांनी त्यावर दहा मिनिटं निरूपण केलं, मनाची मलिनता वगैरे. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कसला चिनी, तुझ्या आजीचं वाक्य आहे ते."

तर काकांची चोरी पकडायची म्हणून शोधायला बसले आणि काका बरोबर निघाले की! म्हणजे जवळजवळ. हा थांग, शांग घराण्याचा पहिला राजा, इसवीसनापूर्वी साधारण १६०० च्या सुमाराचा. राजा हं, सम्राट नाही, कारण सम्राट ही पदवीच मुळात इ.स.पू. २२१ मध्ये छिन शी हुआंगने स्वतःला लावून घेतली. त्याने तर मी पहिला, पुढचा दुसरा, असे आमचे दहा हजार पिढ्यांपर्यंत आकडे चालतील असं जाहीर केलं, आणि तो गेल्यावर तीन-चार वर्षांत घराणंच आटोपलं. पुढे एक जिन सम्राट हुई होऊन गेला, लोक उपाशी मरतायत म्हटल्यावर त्याने विचारलं म्हणे, मग मांसाची पेज का खात नाहीत? ही वाक्यं कमळावर टाकून कोणी पाठवत नाही बघा.

पण थांगचं वाक्य होतं कुठे, तर त्याच्या अंघोळीच्या भांड्यावर! कोरलेली नऊ अक्षरं. 'दाश्वे' नावाच्या छोट्याशा जुन्या ग्रंथात ती दिलीत, आणि चिनी पोरांनी शेकडो वर्षं ती पाठ केलीत. शरीर धुतो तसं मनही रोज धुवावं, असा अर्थ. म्हणजे सरांचं निरूपण चुकून बरोबरच होतं.

मग पुढचं वाचलं आणि हातातली चिंच तशीच राहिली. विसाव्या शतकात ग्वो मोरुओ नावाच्या विद्वानाने म्हटलं, अहो हे वाचनच चुकलंय. 'नवा'ला चिनीत शिन म्हणतात, आणि शांग लोकांच्या दहा दिवसांच्या चक्रातल्या एका दिवसाचं नावही शिनच. गेलेल्या माणसांना ते लोक असल्या दिवसांच्या नावांनी ओळखायचे. त्याच्या मते भांड्यावर असणार ते भाऊ शिन, आजोबा शिन, वडील शिन. रेघा झिजल्या, नंतरच्यांनी 'वडील'चं 'पुन्हा' वाचलं, 'आजोबा'चं 'रोज' वाचलं, आणि घरच्या माणसांच्या यादीचा सुविचार झाला. सगळ्यांना हे पटलंय असं नाही, आणि ते भांडं काही आज बघायला मिळत नाही. मला मात्र बसल्या जागी पटलं. मांडीवर 'मन' घेऊनच बसले होते ना.

आपल्याकडे तरी दुसरं काय असतं भांड्यांवर? स्टीलच्या डब्यावर आत्याकडून सप्रेम भेट, तांब्यावर कै. अमुकच्या स्मरणार्थ. भांड्यांच्या दुकानात बाकड्यावर बसलेला तो माणूस, कर्रर्र करत मशीन फिरवणारा, 'स्मरणार्थ'चा रफार हमखास विसरायचा. आणखी पाचशे वर्षांनी त्याचं काय वाचतील कोण जाणे.

भाचीला शेवटी सांगितलं, अगं ते वामन आहे. तिने पोस्ट काढली नाही, एकशे बारा लाईक आले होते. आईला त्या घंगाळात कढीपत्ता लावायचाय, बुडाला भोकं पाडावी लागतील. "पाड," म्हणाली, "पण नावाच्या बाजूला धक्का लावू नकोस."