ज्वारी, कूलर आणि गड्डा

महिन्याच्या बजेटचा एक ठरलेला तक्ता सगळीकडे फिरत असतो. वर पगार, खाली भाडं, किराणा, लाईट, शाळा, औषधं आणि तळाला बचत. सोलापूरच्या घरात तो भरायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत गाडी अडते. ज्वारी कुठं लिहायची?

आमच्याकडं ज्वारी महिन्याला येत नाही, वर्षाला येते. रब्बीची सुगी झाली की मंगळवेढ्याकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून मालदांडीची पोती टेम्पोनं थेट दारात उतरतात. सासूबाई मूठभर दाणे तळहातावर घेऊन बघतात, दोन चावतात आणि मगच पैसे द्यायला सांगतात. त्याच आठवड्यात वर्षाची तूरडाळही भरतो. म्हणजे त्या महिन्यात किराणा आभाळाला टेकतो आणि पुढचे अकरा महिने उगीचच स्वस्त दिसतो. तक्ता दोन्ही वेळा खोटंच बोलतो. जूनची शाळा, महापालिकेचा कर, गाडीचा विमा, दिवाळी, जानेवारीतली गड्डा यात्रा, यातलं काहीच दरमहा येत नाही. पण पगार तर महिन्यालाच होतो.

म्हणून मी आधी वर्ष लिहिते, महिना नंतर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते, त्यामुळं लांब वहीची सवय आहेच. असे सगळे वार्षिक खर्च एका पानावर घेतले की आमची बेरीज साठ हजारांच्या आसपास जाते. भागिले बारा, पाच हजार. पगार झाला की त्याच दिवशी हे पाच हजार दुसऱ्या बँकेतल्या खात्यात जातात. त्या खात्याचं एटीएम कार्ड मी घेतलेलं नाही आणि फोनलाही ते जोडलेलं नाही. घरात आम्ही त्याला ज्वारीचं खातं म्हणतो, जरी त्यातून शाळेची फी जात असली तरी.

यात एक मेख आहे, ती कुणी सांगत नाही. एप्रिलपासून सुरुवात केली तर जूनचा हप्ता धरूनही खात्यात पंधराच हजार असतात आणि शाळा, वह्या, गणवेश मिळून वीस मागतात. मग माणूस म्हणतो, हे काही जमत नाही, आणि वही कपाटात जाते. सुरुवात दिवाळीला करावी. बोनसमधले थोडे पैसे आधी त्यात टाकले की सुगीपर्यंत खातं बऱ्यापैकी भरलेलं असतं.

ह्यांचं कॉलेजजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या दिवसांत जेवायला फुरसत नसते, मे महिन्यात माशा मारायच्या. अशा कमाईची सरासरी काढून बजेट करणं मला पटत नाही, कारण सरासरी येईल असा महिना प्रत्यक्षात क्वचितच येतो. आम्ही वर्षातला सगळ्यांत पडेल महिना धरतो आणि तेवढाच ह्यांचा पगार समजतो. वरचे पैसे दुकानाच्याच खात्यात थांबतात आणि सुट्टीत उपयोगी पडतात. ह्यांची यावर अजून कुरकुर असते. असू दे.

आठवड्याचा हिशेब मात्र मी आमच्या कारखान्यातल्या बायकांकडून उचलला. शिलाई-पॅकिंगच्या बायकांना आठवड्याला पगार होतो आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणी आमच्यासारख्या महिनेवाल्यांपेक्षा पैसा नीट राखतात. भाजी, दूध, अंडी, चहापत्ती या किरकोळीला मीही आता आठवड्यालाच पैसे काढते, तेही रोख. लक्ष्मी मंडईत पाकिटातल्या नोटा कमी होताना दिसतात, कोड स्कॅन करताना दिसत नाहीत. फक्त महिन्याच्या पैशाला चारानं भागू नका. वर्षात आठवडे बावन्न असतात, अठ्ठेचाळीस नव्हे. ते चार आठवडे कुठून तरी जेवणारच.

आता कूलर. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, तेव्हा कूलर ही चैन नाही. शेजारच्या वहिनी तीनशे युनिट ओलांडली की सगळं बिल वरच्या दरानं लागतं या भीतीनं महिन्याच्या शेवटी कूलर बंद ठेवायच्या. तसं नसतं. शंभरपर्यंतची युनिट पहिल्या दरानं, तीनशेपर्यंतची दुसऱ्या दरानं, आणि वरचा दर फक्त तीनशेच्या वरच्या युनिटना. बिलाच्या मागं ते फोडून लिहिलेलं असतं. आम्ही उन्हाळ्याचं वाढीव बिल आणि टँकरची वर्गणी वेगळ्या ओळीत धरतो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ती ओळ रिकामी ठेवण्यात अर्थ नाही.

भिशीबद्दल मैत्रिणी विचारतात. मी आहे एका भिशीत, बाराजणींच्या, महिना हजार. चिठ्ठी पहिल्यांदा निघाली तर ते बिनव्याजी कर्ज, शेवटी निघाली तर बिनव्याजी बचत, एवढं समजून बसावं. बोलीच्या भिशीत, म्हणजे जी जास्त रक्कम सोडायला तयार होईल तिलाच आधी पैसे मिळतात अशा भिशीत, मी जात नाही. ज्या बाईला खरी नड असते तीच तिथं सगळ्यांत जास्त पैसे सोडते, आणि तिच्या नडीवर बाकीच्यांनी कमवायचं हे मला बरं वाटत नाही. खरी बचत पीपीएफमध्ये, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत. तिथं व्याज पाच तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात, म्हणून पैसे पाच तारखेच्या आत भरायचे. सहाला भरलेल्यांवर त्या महिन्याचं व्याज नाही.

गड्ड्याची ओळ मात्र कितीही ओढाताण झाली तरी मी कापत नाही. सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज, दिरांची नवी बाराबंदी, होम मैदानावर मुलांचे पाळणे. दोन हजार. मुलांना आकडा माहीत आहे, त्यामुळं तिथं हट्ट होत नाही. कुठला पाळणा सोडायचा हे ती आपसांत भांडून ठरवतात.

यंदा मोठी बारावीला आहे. जूनमध्ये पुण्याला गेली तर हॉस्टेल आणि मेसचे पैसे दरमहा जातील. माणूस एक कमी होणार म्हणून मी ज्वारीचं एक पोतं वहीत कमी लिहिलं. सासूबाईंनी चष्मा लावून पान बघितलं आणि म्हणाल्या, ‘कडक भाकरी काय मेसवाला करून देणार आहे का तिला? महिन्याला इथूनच जाईल की, चटणीसकट.’ शेंगदाण्यांचीही ओळ घाला म्हणाल्या. पोतं परत लिहिलंय. भागिले बारा केलेला आकडा आता पाच हजार सहाशे झालाय, आणि त्यात हॉस्टेल अजून धरलेलंच नाही.