एअर फ्रायरमधले खिम्याचे गोळे : माझा अनुभव

एअर फ्रायरमध्ये केलेले मटणाचे गोळे बाहेरून चामट आणि आतून भुसभुशीत होतात, ही तक्रार बऱ्याच घरांतून ऐकू येते. यात दोष यंत्राचा कमी, कृतीचा जास्त. बहुतेक कृती परदेशी. त्या बीफ नाहीतर पोर्कच्या खिम्यासाठी बसवलेल्या असतात आणि त्या खिम्यात वीस टक्क्यांपर्यंत चरबी असते. आपल्याकडचं बोकडाचं मटण मुळात सुकं. त्यात एअर फ्रायरमध्ये तळणं असं काही होतच नाही. वर कॉइल, तिच्या डोक्यावर पंखा, आणि तो गरम वारा गोळ्यांवर मारत राहतो. कढईतला गोळा चार-पाच मिनिटांत कवच धरून बाहेर येतो. इथे तो दहा-अकरा मिनिटं वारा खातो आणि तेवढा वेळ त्याचा रस बाहेर पडत राहतो. तो रस आत कसा अडवायचा, सगळं गणित एवढ्याचंच आहे. खाली देतोय ते प्रमाण आणि ती पद्धत आता माझ्याकडे कायमची झाली आहे.

कोकणात हा पदार्थ आषाढातच जास्त होतो. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, बाजारात खाडीची थोडी मासळी नि सुकं म्हावरं, त्यामुळे बुधवार-रविवार मटणवाल्याकडे रांग. गटारीच्या आदल्या दिवसांत तर खिमा मनासारखा मिळतच नाही, कारण मशीन धुवायला कुणाला वेळ नसतो. आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं.

सांगायचं काय, तर 'भाऊ, पुढच्या खांद्याचं नि छातीचं घ्या, वरचे पांढरे पडदे काढा, साडेचारशेला पन्नास ग्रॅम चरबी घाला आणि मशीनमधून दोनदा काढा.' मांडीचा खिमा दिसायला छान लाल असतो, पण गोळ्यांसाठी तोच सगळ्यांत वाईट. चरबी नावाला नसते. गुर्द्याभोवतीची चरबी काही जण हौसेने घालून देतात. ती घट्ट असते, पण तिला वास उग्र आणि गोळा जरा निवला की ती टाळूला चिकटते. छातीवरची मऊ चरबी बरी. पडदे राहिले तर ते मशीनच्या पात्यात गुंडाळले जातात आणि खिमा कापला न जाता चेचला जातो. असा खिमा करडा नि लिबलिबीत दिसतो. आणखी एक, मटण अख्खं असताना धुऊन, पुसून मग खिमा काढायचा. घरी आणून खिमा चाळणीत धुतला की रस वाहून जातो नि नळाचं पाणी आत शिरतं. त्या पाण्याने गोळे फ्रायरमध्ये आधी उकडतात आणि मग फुटतात.

५०० ग्रॅम खिम्याला मी घेतो ते असं : मीठ ८ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. लादीपावाचा आतला मऊ भाग ५० ग्रॅम. नारळाचं पहिलं, दाट दूध ७५ मिली, म्हणजे पाच मोठे चमचे. एक मध्यम कांदा अगदी बारीक चिरून चमचाभर तेलावर सोनेरी परतलेला आणि पूर्ण गार केलेला. आलं-लसूण वाटण दीड चमचा, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, पाच-सहा पुदिन्याची पानं, मालवणी मसाला दोन चमचे, हळद अर्धा चमचा. वेगळा गरम मसाला नको, तो मालवणी मसाल्यात आलाच. अंडं मी घालत नाही. अंड्याने गोळा बांधला जातो हे खरं, पण वाऱ्यावर भाजताना पांढरं घट्ट होऊन गोळा रबरासारखा उडी मारतो. नीट मळलेल्या खिम्याला अंड्याची गरज पडत नाही.

पाव आणि नारळाचं दूध यांत काटकसर करू नये. पाव दुधात कुस्करून दहा मिनिटं ठेवायचा, मऊ लगदा झाला पाहिजे. हा लगदा खिम्याच्या धाग्यांमध्ये बसतो, त्यांना एकमेकांना घट्ट आवळू देत नाही आणि सुटलेला रस धरून ठेवतो. गाईचं दूध चालतं, पण नारळाच्या दुधाचा इथे दुहेरी फायदा. एक तर त्यातून मटणाला कमी पडलेली चरबी मिळते. दुसरं, खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. त्यामुळे फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवलेले गोळे चांगले टणक होतात आणि जाळीवर बसकण मारत नाहीत. पाकिटातला ब्रेडचा चुरा पावसाळ्यात घेऊ नका. दमट हवेत तो आधीच सादळलेला असतो, किती दूध पिईल याचा अंदाज लागत नाही. पाव नसेल तर पातळ पोहे मिक्सरला फिरवून ४० ग्रॅम घ्या, दूध तेवढंच. चव थोडी वेगळी लागते, पण गोळा सुटत नाही.

आता मळणं, कारण निम्मे गोळे इथेच बिघडतात. खिमा फ्रिजमधून थेट गार बाहेर काढायचा, त्यात आधी फक्त मीठ घालायचं आणि दोन-तीन मिनिटं तळव्याने दाबत मळायचं. मिठाने मांसातलं प्रथिन सुटून चिकट होतं. हाच गोळ्याचा डिंक. झालं कसं ओळखायचं? चिमूटभर खिमा दोन बोटांत धरून हळू ताणा. सुरुवातीला तो तुटून दाणे वेगळे होतात. तयार झाला की मध्ये बारीक पांढुरके तंतू ओढले जातात, आणि मूठभर खिमा तळव्यावर दाबून हात उलटा केला तरी पडत नाही. इथे थांबायचं. मग लगदा, कांदा, मसाले घालून जेमतेम मिसळेपर्यंतच फिरवायचं. सगळं एकदम घालून मळलं तर मीठ पावात नि कांद्यात वाटलं जातं आणि चिकटपणा येत नाही. उलट मिठासकट दहा मिनिटं मळत बसलात, तर हाताच्या उबेने चरबी वितळते आणि गोळ्याचा सॉसेज होतो, घट्ट नि रबरट.

कच्चा कांदा घालू नये, तो का तेही सांगतो. मीठ लागलं की कांदा पाणी सोडतो, भाजताना त्या पाण्याची वाफ होते आणि कांद्याच्या तुकड्याशीच गोळ्याला चीर पडते. कच्च्या पपईचं वाटण खिम्याला अजिबात नको. ते मोठ्या तुकड्यांसाठी ठीक आहे. खिमा तासाभरात लापशी होतो. लिंबू, व्हिनेगर, कोकमाचं आगळ यांनी मांस आवळतं, म्हणून आंबटपणा रश्शात, गोळ्यात नाही. मसाल्याचा वरून हात फिरवायची सवय असेल तर तीही इथे सोडा. गोळ्यावर भुरभुरलेलं तिखट गरम वाऱ्यात काही मिनिटांत काळं पडून कडू लागतं. मसाला आतच राहू द्या.

गोळे वळण्याआधी चमचाभर मिश्रण तव्यावर टिकीसारखं भाजून चव बघा. मीठ कमी असेल तर आत्ताच दुरुस्त होतं. मग हाताला थोडं तेल लावून ३० ग्रॅमचे गोळे, लहान लिंबाएवढे. वजनकाटा वापरा, लाजू नका. एक २५चा नि एक ४०चा असला की एक वाळतो, दुसरा कच्चा. एवढ्या मिश्रणात बावीस-चोवीस गोळे होतात. वळताना पृष्ठभागावर चीर दिसली तर तिथेच बोटाने मिटवायची, भाजताना ती रुंदच होणार. ताटात मांडून, झाकून फ्रिजमध्ये अर्धा तास.

फ्रायर १९० अंशांवर तीन मिनिटं रिकामा तापवायचा. जाळीला ब्रशने तेल लावा. डब्यातले तेलाचे फवारे काही महिन्यांत जाळीवर चिकट थर धरतात आणि तिचं कोटिंग जातं. गोळ्यांवरही तेलाचा हलका हात फिरवा. एका थरात, दोन गोळ्यांत बोटभर जागा ठेवून मांडायचे. चार लिटरच्या टोपलीत दहा-बारा बसतात. पाहुणे आलेत म्हणून वीस कोंबले की वारा खालून फिरत नाही, वाफ कोंडते आणि गोळे पांढरट राहतात. जाळीवर अख्खा बटर पेपर अंथरला तरी तेच. आणि रिकाम्या फ्रायरमध्ये पेपर ठेवून तापवू नका, तो उडून कॉइलला चिकटतो नि जळतो.

सहा मिनिटांनी टोपली बाहेर, चिमट्याने प्रत्येक गोळा उलटायचा. टोपली हलवून गोळे गडगडवायचे नाहीत, या वेळी कवच अजून ओलं असतं. मग आणखी चार ते पाच मिनिटं. मांसाचा थर्मामीटर असेल तर मधोमध ७१ अंश दिसले की झालं. नसेल तर सगळ्यांत जाड गोळा कापून बघा, आत गुलाबी नको नि रस स्वच्छ हवा. ३० ग्रॅमचा गोळा भाजून २४-२५ ग्रॅम भरला तर छान. २२च्या खाली गेला तर जास्त झाला समजा. गोळ्याच्या कडेने पांढरट साका बाहेर आला असेल तर त्याचाही अर्थ तोच, प्रथिन आवळून रस पिळून निघालाय. दुसऱ्या घाण्याला यंत्र आधीच तापलेलं असतं, तेव्हा एक मिनिट कमी.

खाली ठिबकलेली चरबी जळून धूर येतो. ड्रॉवरच्या तळाशी दोन-तीन चमचे पाणी घातलं की धूर थांबतो. बोकडाच्या मटणाला बहुधा गरज पडत नाही, छातीचं जास्त आलं असेल तर पडते.

विजेचं मात्र आपल्याकडे वेगळंच प्रकरण, आणि कृतीच्या चौकटीत ते कुणी लिहीत नाही. १५०० वॅटचा फ्रायर २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतो. जुन्या घरांतल्या सहा अँपिअरच्या सॉकेटला हे झेपत नाही, प्लग गरम होतो. फ्रिज-गिझरसाठी असतो तो सोळाचाच पॉइंट घ्या, एक्स्टेन्शन नको. पावसाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडून १९० झालं, की कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे जवळपास एक तृतीयांशाने कमी. आकडे तेच दिसतात, पंखा फिरत असतो, पण तापमान चढायला वेळ लागतो. मग अकरा मिनिटांनी गोळे फिक्के निघतात आणि लोक खिम्याला दोष देतात. दिवे मंद दिसत असतील तर प्री-हीट सहा मिनिटं करा, एका घाण्यात आठच गोळे टाका आणि घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवा. मध्येच लाइट गेली आणि गोळे अर्धे झाले असतील तर 'येईल आत्ता' म्हणत बसू नका. तव्यावर थोडं तेल घालून झाकण ठेवून पुरे करा. अर्धकच्चा खिमा कोमट ठेवणं हे पोट बिघडवण्याचं काम. फ्रीझरमध्ये साठवलेल्या कच्च्या गोळ्यांचंही तेच. वितळून मऊ पडले असतील तर लगेच शिजवायचे, परत गोठवायचे नाहीत. नीट गोठलेले असतील तर न वितळवता १८० अंशांवर पंधरा-सोळा मिनिटं लावा, आणि इथेही आतले ७१ अंश बघा.

चिकन खिम्याला हेच, थोड्या फरकाने. लेगचं बोनलेस घ्या, छातीचं नको. चिकन मुळात ओलं नि चिकट असतं, म्हणून नारळाचं दूध तीनच मोठे चमचे. तापमान १८०, वेळ दहा-अकरा मिनिटं, आत ७४ अंश आलेच पाहिजेत. कोलंबीचे गोळे मी फ्रायरमध्ये करत नाही. कोलंबी दोन मिनिटांत शिजते नि पाचव्या मिनिटाला चिवट होते. तिला तवाच बरा.

नुसते खायचे असतील तर फ्रायरमधून काढून तीन-चार मिनिटं थांबा, लगेच चावा घेतलात तर रस ताटात. रश्शात घालायचे असतील तर मुळात दोन मिनिटं कमी भाजायचे. कांदा-खोबऱ्याच्या भाजक्या वाटणाचा रस्सा नेहमीपेक्षा पातळ ठेवा, कारण गोळ्यातला पाव तो पितो. रस्सा उकळून, कोकम टाकून झाल्यावर गोळे सोडायचे, मंद आचेवर चार-पाच मिनिटं झाकण ठेवायचं, त्यातला एखादा कापून तो आतपर्यंत शिजलाय ना ते बघायचं आणि गॅस बंद. डाव घालून ढवळू नका, पातेलं धरून हलवा. वड्यांबरोबर हवे असतील तर वडे तळायला घेतल्यावरच गोळे रश्शात सोडा. तासभर आधी सोडले तर रस्सा आटतो, गोळे फुगतात आणि वाटणाची चव गोळ्यात जाऊन मटणाची रश्शात येते. काही जणांना तेच आवडतं. त्यांनी रात्री करून सकाळी घावणांबरोबर खावेत.

जाळी कोमट असतानाच धुवा, चरबी थिजली की घासून कोटिंग जातं. धुतल्यावर पुसून यंत्र दोन मिनिटं रिकामं चालवा आणि ड्रॉवर थोडा उघडा ठेवा. पावसाळ्यात बंद ठेवलात तर चार दिवसांत आत कुबट वास धरतो आणि स्क्रूंना गंज चढायला लागतो.