‘डॉन किहोते’ वाचून हसायचं की रडायचं?

बडोद्यात हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी चार माणसं जमून पुस्तक वाचतात आणि ‘डॉन किहोते’ ही स्पॅनिश कादंबरी लिहिणाऱ्या सर्व्हान्तेसचा विषय निघाला की मी थांबत नाही, हे ओळखीच्यांना ठाऊक आहे. मग कोणीतरी म्हणतंच, “अहो ताई, पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर भाला घेऊन धावणारा तो वेडा! हसावं आणि विसरावं. तुम्ही त्याचं एवढं दुःख का करता?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शूरवीरांच्या कथा वाचून वाचून स्वतःलाच शूरवीर समजू लागलेल्या किहोतेची ही गोष्ट. या कादंबरीत विनोद कुठे संपला आणि दुःख कुठे सुरू झालं, अशी रेघ मला कधीच ओढता आली नाही. मला वाटतं, तिच्यातलं दुःख हसण्यातूनच येतं. किहोतेला कोण हसतंय आणि कशासाठी, इकडे लक्ष ठेवून वाचलं की पुस्तक वेगळंच दिसू लागतं.

हे गाव चिं. वि. जोशींचं. ते इथल्या कॉलेजात पाली शिकवत. चिमणराव आणि गुंड्याभाऊ इथल्या कितीतरी घरांत पिढ्यान् पिढ्या वाचले गेले. एक हडकुळा, एक धिप्पाड आणि दोघांची मिळून फजिती, हे आपल्या चांगलं ओळखीचं आहे. त्यामुळे वाळलेला किहोते आणि त्याचा गोलमटोल सेवक सांचो पान्सा भेटले की आपण लगेच सैलावून बसतो. पण चिमणरावांची कितीही फजिती झाली तरी घरी काऊ असते, मोरू-मैना असतात, सगळं सांभाळून घेतलं जातं. किहोतेच्या पराक्रमाचा भुर्दंड मात्र दुसऱ्यालाच भरावा लागतो.

आन्द्रेसचंच बघा. मालकाने या पोराला झाडाला बांधून फोडून काढायला घेतलंय, नऊ महिन्यांचा पगारही थकवलाय. किहोते मध्ये पडतो, मालकाकडून शपथ घेतो आणि एका दुबळ्याला न्याय मिळवून दिला या समाधानात निघून जातो. त्याची पाठ वळताच मालक पोराला पुन्हा बांधतो आणि मरेस्तोवर मारतो. पुढे एकतिसाव्या प्रकरणात तो मुलगा वाटेत भेटतो आणि विनवतो की यापुढे माझे तुकडे तुकडे होताना दिसले तरी मदतीला येऊ नका. किहोते शरमेने चूर होतो. बाकीच्यांना हसू आवरताना नाकी नऊ येतात. हा भाग आमच्याकडे वाचला तेव्हा आम्हीही हसलो होतो. मग लक्षात आलं की त्या पोराचे वळ अजून गेलेले नाहीत.

पहिला भाग आला १६०५ साली, दुसरा १६१५ साली. दुसऱ्या भागातल्या पात्रांनी पहिला भाग वाचलेला आहे, आणि माझ्या मते इथेच पुस्तक खरं उंच जातं. एक ड्यूक आणि त्याची बायको किहोतेला ओळखतात, कारण त्याच्यावर ते पोट धरून हसलेले आहेत. ते त्याला वाड्यात ठेवून घेतात आणि स्वतःच्या करमणुकीसाठी नाटकं रचतात. त्याला लाकडी घोड्यावर डोळे बांधून बसवतात. घुंगरं बांधलेली मांजरं अंगावर सोडतात. त्यातलं एक त्याचा चेहरा ओरबाडून काढतं. हे वाचताना मला त्या दोघांचा राग येतो, आणि पाठोपाठ आठवतं की पहिला भाग वाचून मीही हसलेच होते. फरक एवढाच की माझ्याकडे वाडा नव्हता. ही हकिगत ज्याने लिहिली असं सर्व्हान्तेस भासवतो, तो कथेतला इतिहासकारच सांगतो की थट्टा करणारे थट्टा झालेल्यांइतकेच वेडे होते, मूर्ख दिसायला जेमतेम दोन बोटं उरली होती.

सर्व्हान्तेसने हे सुखात बसून लिहिलेलं नाही. १५७१ साली तुर्कांविरुद्धच्या लेपान्तोच्या आरमारी लढाईत त्याचा डावा हात निकामी झाला, पुढे अल्जियर्सच्या कैदेत पाच वर्षं गेली. शूरवीराची स्वप्नं आणि प्रत्यक्ष लढाई यांतलं अंतर त्याने अंगावर झेललेलं होतं. म्हणून किहोतेची थट्टा करताना तो क्रूर होतो, पण त्याला तुच्छ कधीच लेखत नाही.

आणि शेवट! बार्सिलोनाच्या समुद्रकाठी किहोते द्वंद्वात हरतो, घरी येतो, तापाने अंथरूण धरतो आणि शहाणा होऊन उठतो. म्हणतो, मी आता डॉन किहोते नाही, आलोन्सो किहानो आहे. सगळ्यांना हेच तर हवं होतं. पण आता सांचोच रडत विनवतो की मरू नका, उठा, ठरल्याप्रमाणे मेंढपाळ होऊन रानात जाऊ, एखाद्या झुडपामागे दुल्सिनेया, तुमची ती मनातली प्रेयसी, भेटेलही. मृत्युपत्रात किहोते अट घालतो की शूरवीरांची पुस्तकं माहीत असलेल्या माणसाशी भाचीने लग्न केलं तर तिला छदामही मिळू नये. मालक मरणाच्या दारात, आणि तरी भाची जेवते, घर सांभाळणारी बाई पेला उचलते, सांचोही खुशीत असतो. वारसा मिळायचा असला की दुःख थोडं हलकं होतं, हे सर्व्हान्तेस अगदी सहज सांगून जातो. इथे हसू आल्यावाचून राहत नाही आणि घसा दाटतो तो त्याच ओळीवर.

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांचं वाचन पवनचक्क्यांपाशी, म्हणजे पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणात थांबलेलं असतं. दोन्ही भाग मिळून प्रकरणं १२६ आहेत. ड्यूकच्या वाड्यापर्यंत तरी जाऊन या. मग आमच्याकडे संध्याकाळी चहाला या. तुम्ही कुठे हसलात आणि कुठे हसू आवरलंत, हे मला खरोखर ऐकायचं आहे.