५८८ मार्क आणि मेडिकलच्या भिंतीवरची फ्रेम

२०२४ ची नीट, एमबीबीएसची प्रवेश परीक्षा, मी दुसऱ्यांदा दिली. ७२० पैकी ५८८. ४ जूनला निकाल लागला, संध्याकाळी पेढे वाटले आणि रात्री कटऑफचा हिशोब मांडला. आदल्या वर्षी एवढ्या मार्कांवर सरकारी एमबीबीएसची आशा धरता आली असती. या वेळी निकालाच्या यादीत पैकीच्या पैकी मिळालेलेच ६७ जण होते! खासगी कॉलेजची फी बाबांनी एकदाच विचारली, नंतर विषय काढला नाही. पुन्हा रिपीट करायची माझ्यात धमक नव्हती. पीसीबीची, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीची, राज्याची सीईटी दिलेली होती, म्हणून बी.फार्म., फार्मसीची चार वर्षांची पदवी.

"मेडिकलच टाकायचंय ना? मग चार वर्षं कशाला?" आत्या म्हणाली. राग आला, पण मुद्दा खरा होता. दुकानाला दोन वर्षांचं डी.फार्म (डिप्लोमा) पुरतं. जिल्हा परिषदेच्या औषध निर्माण अधिकाऱ्यालाही तेवढंच चालतं. तेव्हा त्याचं मूळ वेतन २९,२०० पासून होतं. त्याच आरोग्य केंद्रातल्या एमबीबीएस डॉक्टरचं ५६,१०० पासून. हा फरक मी बरेच दिवस मनात घोळवला.

चौकातल्या मेडिकलवाल्या काकांना विचारलं. त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे, म्हणजे दुकान ज्याच्या नावावर चालतं त्या फार्मासिस्टच्या सर्टिफिकेटकडे, बोट दाखवलं. त्या फोटोतला माणूस मी दुकानात कधीच पाहिला नव्हता. "महिन्याला येतो, पैसे घेतो, जातो. तू असलं करू नकोस, रजिस्ट्रेशन जातं." स्वतःच्याच दुकानाबद्दल इतकं सरळ बोलतील असं वाटलं नव्हतं. औषध कंपनीत क्यूसीला (औषधांचा दर्जा तपासायला) असलेल्या एका सीनियरने मात्र वेगळं सांगितलं: सुरुवातीचा पगार बेताचाच, पण औषध निरीक्षकाच्या परीक्षेला बसायचं तर पदवीच लागते. तिथे मी ठरवलं, बी.फार्मच.

प्रवेशाचा फॉर्म भरायला गणपती उजाडले. डोमिसाइलचं स्कॅन पुसट म्हणून ई-स्क्रुटिनीतून, म्हणजे कागदांच्या ऑनलाइन तपासणीतून, एकदा परतही आला. नवीन फार्मसी कॉलेजांवरची स्थगिती २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकली नाही, तेव्हापासून आमच्या भागात फार्मसीच्या पाट्याच पाट्या. घराजवळच्या एका नव्या कॉलेजात सर फी-सवलत समजावत होते. मागे औषधं तपासायच्या एचपीएलसी मशीनवरचं प्लास्टिक तसंच होतं. ते नाव मी यादीत सगळ्यात खाली टाकलं.

पहिल्या फेरीत तिसरा पर्याय लागला. हजार रुपये भरून बेटरमेंटला, म्हणजे वरच्या पर्यायाची वाट बघत, थांबलो. दुसऱ्या फेरीत पहिलंच कॉलेज लागलं, आपोआप फ्रीझ. बाबांनी मेसेज दोनदा वाचला आणि विचारलं, "फ्रीझ म्हणजे आता बदलत नाही ना?"